ऑर्गनवरची ती धून कुठली? तुम्ही कशी शोधलीत?

बाबांनी फार पूर्वी रेडिओवरून भरलेली एक कॅसेट आमच्या दादरच्या घरी आहे. बहुतेक नाट्यगीतं, मध्येच बातम्यांचा तुकडा, आणि दुसरी बाजू संपत आली की ऑर्गनवर वाजवलेली एक हलकीफुलकी धून. तीन मात्रांची, वॉल्ट्झच्या अंगाची. निवेदक नाव सांगायला तोंड उघडतो आणि टेप संपते. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. दाढी करताना आजही तीच गुणगुणतात, पण ती कुठली हे त्यांनाही माहीत नाही. गाणी ओळखणाऱ्या शाझम अ‍ॅपला ऐकवून पाहिली, उत्तर नाही. मला ती हवीच आहे, पण अशी बिननावाची धून तुमच्याही मागे लागली असेल तर ती कशी शोधलीत ते सविस्तर लिहा. सापडली नसेल तरी लिहा.

ठाण्याहून

शाझम चाल ओळखत नाही, ते विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं. कॅसेट जरा जलद फिरली की सगळे सूर चढतात आणि ठसा बिघडतो. माझ्या काकांच्या टेपवर एक भन्नाट वेगाची ऑर्गनची धून होती, तिचं नेमकं हेच होत होतं. टेप संगणकावर उतरवली तेव्हा मागे विजेची बारीक घरघर ऐकू आली. ती भरतानाच आत शिरलेली असावी, असं धरून चाललो. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून घरघर 50 वर येईपर्यंत वेग उतरवत गेलो आणि मग शाझमला ऐकवलं. लगेच नाव आलं: इथेल स्मिथ, ‘टिको टिको’. ‘बेदिंग ब्यूटी’ या 1944 च्या अमेरिकन चित्रपटात त्यांनी ती हॅमंड ऑर्गनवर वाजवली आहे. चाल मात्र ब्राझीलची, झेकिन्या द अब्रेऊ यांची, 1917 मधली. काकांना सांगितलं तर ते फक्त म्हणाले, "परत लाव." आधी घरघर शोधा, ताई.

गिरगावातून

मी नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करत आलो, म्हणून सांगतो. चालीच्या मागे लागण्याआधी वाद्य कुठलं ते कानाने ठरवा, अर्धा शोध तिथेच संपतो. आमची पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायचा आणि हवेवर पितळी पट्ट्या बोलवायच्या. खर्जातली पट्टी बोलायला किंचित वेळ घेते, आणि जवळून मुद्रण केलं असेल तर भात्याचा श्वासही ऐकू येतो. चर्चच्या पाइप ऑर्गनमध्ये सुरामागे वास्तूची आस असते, हात उचलला तरी सूर वर घुमत राहतो. विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन बाजारात आला 1935 मध्ये. त्यात दातेरी चाकं फिरतात आणि चुंबकाजवळून जाताना सूर तयार करतात. पट्टी दाबताच बारीक ‘टक’ येते. बोटाने जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच राहतो, तो वाढवायचा पायाने. त्यामुळे वादक चांगला असेल तर सगळी भावना त्या पायात असते. आणि चौथा प्रकार, मूकपटांच्या काळातला थिएटर ऑर्गन. त्याच्या पाइपांच्या खोलीत खरेखुरे ढोल आणि झायलोफोन बसवलेले असतात आणि ते वादकाच्या पट्ट्यांवरून वाजतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल टॉवरच्या नाचघरात रेजिनाल्ड डिक्सन वर्षानुवर्षं वुर्लिट्झर कंपनीचा असाच ऑर्गन वाजवत.

ताईंनी ‘टक’ येते का ते हेडफोन लावून ऐकावं. येत असेल तर जुन्या हॅमंडवादकांच्या तबकड्यांपासून सुरुवात करा. केन ग्रिफिन यांची ‘यू कान्ट बी ट्रू, डिअर’ ही 1948 साली गाजलेली धून वॉल्ट्झच आहे.

वांद्र्याहून

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळ मराठी ख्रिस्ती. चुलतभावाच्या लग्नात, नवरा-नवरी नोंदवहीत सह्या करत होती तेव्हा ऑर्गनवर एक इतकी गोड धून वाजली की सासूबाईंनी माझा हातच धरला. मिस्सा संपल्यावर मी सरळ वर जाऊन वाजवणाऱ्या अंकलना विचारलं. त्यांनी वहीच उघडून दाखवली: इंग्लिश संगीतकार एल्गारची ‘सालू दामूर’, 1888 मधली. एल्गारने ती आपल्या वाग्दत्त वधूला भेट म्हणून लिहिली होती, हे अंकलनीच सांगितलं. वाजवणारा माणूस समोर असेल तर त्याच दिवशी विचारा. लोक लाजतात आणि मग वर्षानुवर्षं शोधत बसतात.

मुलुंडहून

मुद्रण नसेल, धून नुसती डोक्यात असेल, तर पार्सन्सची पद्धत वापरा. डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये हजारो चालींचा कोश काढला. त्यात स्वर लिहायचे नाहीत, फक्त पुढचा सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढंच. आपलं ‘जन गण मन’ घ्या: सा रे ग ग ग, म्हणजे वर, वर, तेच, तेच. पट्टी कुठलीही असो, टेप हळू असो की जलद, हा चढउतार बदलत नाही. गूगलमध्ये 2020 पासून गुणगुणून शोधायची सोय आहे, तीही चालीचा आकारच पाहते. माझ्या आत्याची धून मात्र दोन्हीकडे मिळाली नाही. तिचा चढउतार कागदावर लिहून ठेवलाय.

लालबागहून

सिनेमा सुरू व्हायच्या आधी, पडदा बंद असताना ऑर्गनची एक धून लावत. थिएटर पाडलं. ते चालवणाऱ्यांपैकी कुणी भेटलं तर विचारणार आहे.

दादरहून, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडफोन लावला, ‘टक’ स्पष्ट आहे. घरघर 52 च्या आसपास निघाली, वेग उतरवला. बाबा म्हणाले, "आता बरोबर वाटतंय, आधी घाईत होती." शाझम अजूनही गप्प आहे. केन ग्रिफिनची ती धून बाबांना ऐकवली. चाल वेगळी, पण "वाद्य हेच" असं ते ठामपणे म्हणाले. त्यांच्याकडून गुणगुणून घेतलेला सुरुवातीचा चढउतार देते: वर, वर, खाली, तेच, वर, खाली, खाली, वर, तेच, खाली. दुसऱ्या ओळीत हाच आकार एक सूर खालून येतो, आणि शेवटचा सूर लांब धरलेला आहे. कुणाच्या ओळखीचं आहे का हे?