फायबर बॉडीची घरी बनवलेली गाडी: ब्रेक दाबला की डॅशबोर्ड पेटतो, वायरिंगमधलं कोणी आहे का?

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. दोन वर्षं झाली गोठ्याशेजारच्या शेडमध्ये एक टू सीटर बनवतोय. चौकोनी पाइपची चॅसिस स्वतः वेल्ड केली, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या मारुती ८०० चं (७९६ सीसी, कार्ब्युरेटरवालं), बॉडी फायबरची, ती पण घरीच साच्यावर मॅट-रेझिन लावून काढली. रोडवर काढणार नाही, बागेतल्या रस्त्यानं फिरवायची एवढंच, त्यामुळे आरटीओचं लेक्चर नको कृपया. गाडी पळते मस्त पण वायरिंगनं पार डोकं उठवलंय. घर बांधलं तेव्हाची १ एमएमची वायर उरलेली होती तीच सगळीकडे ओढली, जॉइंट पिळून वरून टेप.

आता त्रास ऐका. लाईटचं बटण बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे आणि पुढचे पार्किंग मिणमिणतात, आणि मागे जिथे पेटायला पाहिजे तिथे जेमतेम लालसर. हेडलाईट लावून डावा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे त्याच्या तालावर नाचतात. हेडलाईट दहा मिनिटं चालू ठेवले की बटण चटका देतं. बॅटरी नवीन ३५ एएचची (अँपिअर-तासांची) आहे तरी तीन-चार दिवसात बसते, मग धक्का मारा. ब्रेक स्विच बदलला, फ्लॅशर बदलला, इंडिकेटरचं बटण बदललं, फरक शून्य. बाबा म्हणतात बैलगाडीला हे लफडं नव्हतं. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला परतीची जोडणी, मी मीटरनं चेक केलंय, बीप वाजतो, त्यामुळे ते ओके आहे. कुठून सुरुवात करू?

शिरपूर_टर्बो

भाऊ हेडलाईटला फ्यूज कितीचा आहे? माझ्या गाडीत १५ चा उडायचा, ३० चा टाकला, तेव्हापासून टेन्शन नाही. बॅटरी पण बदलून बघ, नवीन पण खराब निघतात.

धुळ्याचा_ऑटोइलेक्ट्रिक

शिरपूरवाल्या भो, असले सल्ले देऊ नको. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तुझी वायर १५ ची असेल आणि फ्यूज ३० चा, तर आता वायर हीच फ्यूज झाली, आणि ती सीटखाली जळणार. एकदा आधी का उडायचा ते बघ.

आता रावेरवाल्या तू ऐक. बॉडी फायबरची म्हटलास तिथेच अर्धं उत्तर आलं. कंपनीच्या गाडीत दिवा जिथे बसवला तिथल्या पत्र्यातूनच करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. तुझ्या फायबरमधून काय जाणार, प्रत्येक दिव्याला परतीची वायर तुलाच द्यावी लागणार, आणि ती जाताना जेवढी जाड तेवढीच येताना.

ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्ड का पेटतो ते सांगतो. मागच्या बल्बमध्ये २१/५ वॅटच्या दोन फिलामेंट असतात, अर्थ दोघांचा एकच. तो अर्थ खराब असला की २१ वाल्यातून आलेल्या करंटला परत जायला नीट वाट नाही, मग थोडा ५ वाल्या फिलामेंटमधून उलटा टेललाईटच्या वायरीत घुसतो, आणि त्याच वायरीवर तुझे पुढचे पार्किंग आणि डॅशबोर्डचे दिवे आहेत, त्यांचा अर्थ चांगला, म्हणून ते मिणमिणतात. केळीला पाणी भरताना चारी तुंबली की पाणी भलत्याच वाफ्यात घुसतं ना, तसंच. तू बटणं बदलत बसलास आणि चारी तुंबलेलीच राहिली.

बीपवर अजिबात जाऊ नको. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, मीटर त्यातून फार तर एखाद-दोन मिलीअँपिअर सोडतो. मागचे दोन ब्रेकलाईट मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर, ते त्या एका तारेतून जाणार का? मीटर डीसी व्होल्टवर ठेव, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मागच्या बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला, कोणाला तरी ब्रेक दाबायला लाव. ०.२ च्या आत पाहिजे. आकडा सांग, मग पुढचं बोलू.

अमळनेरचा_जीपवाला

काकांनी बरोब्बर सांगितलं. एक माझ्याकडून, इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला चॅसिसला जोडणारी जाड पट्टी वेगळी लागते. माझ्या जुन्या जीपची ती पट्टी रंगकामाच्या वेळी राहून गेली. सेल मारली की गाडी कण्हायची आणि बोनेटमधून प्लास्टिकचा वास. दोन दिवस सापडेना, मग पोरगा म्हणाला पप्पा ही ॲक्सिलरेटरची केबल बघा, हात लावला तर बोट भाजलं. सेलचा एवढा मोठा करंट त्या बारक्या केबलमधून परत जात होता! बाहेरचं कव्हर वितळून आतली तार चिकटली होती. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकला असता तर काय झालं असतं कोण जाणे. तुझी पट्टी आहे का बघ.

आणि पिळून टेप तर आपल्याकडे चालतच नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत टेपचा गोंद पातळ होऊन टेप उलगडते. वायरीच्या टोकाला लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून क्रिम्प कर, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घाल.

रावेरचा_केळीवाला

काका, ४.६ व्होल्ट आलं 😳 आणि जीपवाले दादा, पट्टी नाहीच आहे. चॅसिसला मी हौसेनं तीन कोट रंग मारलाय आणि अर्थचे बोल्ट त्या रंगावरच कसलेत.

अजून एक, इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.२ च दिसतं. रेस जोरात दिली की एकदम १४.२ होतं आणि मग तिथेच राहतं. अल्टरनेटर भंगार बाजारातून आणलाय, तो पण गेला का?

धुळ्याचा_ऑटोइलेक्ट्रिक

४.६ म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी अर्थमध्येच खपते. लगखालचा रंग घासून लोखंड पांढरं कर, दातेरी वॉशर टाक, कसून झालं की वरून ग्रीस, नाहीतर पावसाळ्यात गंज धरेल. पुढे एक आणि मागे एक असा अर्थचा बोल्ट ठेव, मागच्या सगळ्या दिव्यांच्या काळ्या वायरी मागच्या बोल्टवर आण, आणि तिथून एक जाड वायर थेट बॅटरीला. चॅसिसच्या भरवशावर राहू नको.

अल्टरनेटर चांगला आहे बहुतेक. मागे जाड बोल्ट सोडून एकच बारीक पिन आहे का? आणि चार्जिंगचा लाल दिवा एलईडी लावलायस का? असल्या अल्टरनेटरला जागं व्हायला सुरुवातीला थोडा करंट लागतो, तो त्या दिव्यातूनच येतो. दोन-तीन वॅटच्या बल्बमधून पुरेसा येतो, एलईडीतून येत नाही. मग जोरात रेस दिल्यावर कुठे तो स्वतःच उठतो.

हेडलाईटचं बटण तापतं कारण दोन्ही मिळून नऊ-दहा अँपिअर त्या बटणातून जातात. रिले लाव, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूज घालून २.५ एमएम वायर, ८७ वरून दिव्याला, ८५-८६ वर बटण आणि अर्थ. लो-हायला दोन वेगळे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आणि ती घरची वायर काढ बठ्ठी, गाडीची बारीक तारांची मऊ वायर मिळते. घरची वायर कडक, व्हायब्रेशननं आत तुटते आणि वरून दिसत पण नाही.

एवढं करून रात्रीतून बॅटरी उतरली तर निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लाव, १० अँपिअरच्या सॉकेटवर. पण मीटर लावलेलं असताना सेल मारू नको.

रावेरचा_केळीवाला

आठ दिवसांनी रिपोर्ट. पूर्ण वायरिंग नव्यानं ओढलं. मागचा आकडा ४.६ वरून ०.०६. ब्रेक दाबला की फक्त ब्रेकलाईट लागतो, हे बघायला मी किती वेळा ब्रेक दाबला असेल देव जाणे. चार्जिंगचा साधा बल्ब टाकला, सेल मारल्याबरोबर १४.१. हेडलाईटचं बटण गारेगार.

बॅटरी तरी उतरत होती. मीटर लावलं तर ०.४ अँपिअर, सगळं बंद असताना! दिवसाला साडेनऊ एएच, म्हणजे तीन-चार दिवसात ३५ खलास, हिशोब जुळला. एकेक फ्यूज काढत गेलो, गाण्याच्या टेपचा फ्यूज काढला आणि आकडा पडला. टेपची पिवळी आणि लाल वायर मी एकत्र पिळून डायरेक्ट बॅटरीवर दिली होती. लाल चावीवर घेतली, आता ०.०२.

आणि हो, मीटर लावलेलं असताना सेल मारलीच. सवयीनं चावी फिरवली. मीटरचा फ्यूज गेला.

धुळ्याचा_ऑटोइलेक्ट्रिक

सगळ्यांचा जातो. माझे दोन गेलेत. गाडीचे फोटो टाक आता.

रावेरचा_केळीवाला

टाकतो रविवारी, अजून एका दाराला रंग बाकी आहे. ती काढलेली घरची वायर बाबांनी नेली, केळीचे घड बांधायला.