मदत हवी आहे: जीआयसी आणि कंपोझिटमध्ये फट पडतेय

नमस्कार डॉक्टर मंडळी. दाताची पोकळी भरायच्या सँडविच पद्धतीत मी खाली ग्लास आयनोमर सिमेंट (जीआयसी), वर कंपोझिट (दाताच्या रंगाचं, रेझिनचं भरण) भरतो. जीआयसी घट्ट झालं की 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड 15 सेकंद, मग धुऊन बाँड (कंपोझिट चिकटवणारा द्रव). परवा काढलेल्या दाढेवर सराव केला आणि ती उभी कापून पाहिली, तर दोन थरांमध्ये केसाएवढी फट! दाताला धरलेलं जीआयसी मात्र जागचं हललं नव्हतं. कोवळं जीआयसी ॲसिडनं भुसभुशीत होत असेल का? सेल्फ-एच बाँड (ॲसिडचं काम स्वतःच करणारा) घेतला तर वेगळं ॲसिड आणि धुणं, दोन्ही टळतं. की सरळ रेझिन मॉडिफाइड जीआयसीच वापरावं? त्यातलं रेझिन कंपोझिटशी जुळतं. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. पुढच्या आठवड्यात एका आजींची दाढ भरायची आहे, ती पुन्हा उघडायला लागू नये.