यूकेत लॅपटॉपवर टीव्ही बघायलाही लायसन लागतं का?

कोव्हेंट्रीतली_नवखी
सप्टेंबरात मास्टर्ससाठी कोव्हेंट्रीला आलेय, आम्ही पाच जणी एका घरात राहतो पण खोल्या वेगळ्या आणि अ‍ॅग्रीमेंटही जिचं तिचं. घरात टीव्ही नाहीच. तरी काल दारात एक लिफाफा पडलेला, वर कुणाचं नावच नाही, नुसतं 'लीगल ऑक्युपायर' (म्हणजे या घरात जो राहतो तो), आणि आत लिहिलंय की या पत्त्यावर टीव्ही लायसन नाही, दंड होऊ शकतो वगैरे. मी जेवताना नेटफ्लिक्स लावते, झी फाइव्हवर मालिकेचे भाग बघते (नाहीतर आईशी फोनवर बोलायचं काय) आणि भारताची मॅच असली की मॅच. याला लायसन कशाला? नेटचे पैसे भरतोच ना आपण?

वडापाव_विदाउट_चटणी
टीव्ही नाही तर लायसन नाही, विषय संपला. मी दोन वर्षं राहिलो, अशी सात-आठ पत्रं आली, एकही उघडलं नाही.

हॅरोकर_काका
अरे चुकीचं सांगू नकोस पोरीला. टीव्हीचा डबा घरात आहे की नाही ते कुणी विचारत नाही, काय बघतेस आणि कसं बघतेस ते विचारतात. चॅनलवर जे त्या क्षणी चालू आहे ते लाइव्ह बघितलंस की लायसन हवं, मग मोबाइल असो, लॅपटॉप असो, चॅनल इथला असो नाहीतर आपल्याकडचा. नेटफ्लिक्सवरचे सिनेमे, झी फाइव्हवर नंतर बघितलेले भाग, यूट्यूबचे साधे व्हिडिओ याला नाही लागत. पण तीच मालिका अ‍ॅपवर चॅनल लावून आईबरोबर त्याच वेळी बघायला बसलीस तर लागेल. अपवाद बीबीसीच्या आयप्लेअर अ‍ॅपचा, तिथे 1 सप्टेंबर 2016 पासून जुना कार्यक्रम बघायलाही लायसन हवं, म्हणूनच तो 'लायसन आहे का' असं विचारतो आणि लोक बिनधास्त हो दाबतात. एप्रिल 2025 मध्ये वर्षाचे 174.50 पौंड झाले होते, आणि पकडलं गेलं तर दंड 1000 पौंडांपर्यंत, कोर्टाचा खर्च वेगळा.

कोव्हेंट्रीतली_नवखी
म्हणजे घोळ मॅचचाच आहे 😩 ती लाइव्ह नाही बघायची तर काय दुसऱ्या दिवशी बघायची? आणि एक मैत्रीण म्हणाली चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर बघितलं तर चालतं, ही काय भानगड?

हॅरोकर_काका
भानगड खरी आहे पण तुझ्या कामाची नाही. आईवडिलांच्या घरी लायसन असेल तर मुलाला हॉस्टेलवर बॅटरीवर चालणाऱ्या फोन-लॅपटॉपवर बघता येतं, चार्जर भिंतीत खुपसला की संपलं. आता तुझे आईबाबा साताऱ्या-सांगलीला, तिथे कुठलं लायसन.
आणि अ‍ॅग्रीमेंट वेगवेगळी म्हणजे घ्यायचं झालं तर तुझ्या खोलीचं वेगळं. पाचजणींचं मिळून एकच अ‍ॅग्रीमेंट असतं तर एकात भागलं असतं.

जुनी_आकाशवाणी
हे वाचून आमच्या वडिलांचं रेडिओ लायसनचं पुस्तक आठवलं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, आणि तपासनीस येणार अशी नुसती कुणकुण लागली की शेजारचे रेडिओवर गोधडी टाकायचे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ते बंद झालं, इंग्रज टीव्हीचं अजून भरताहेत. असो, मुली, पत्र फेकू नकोस. खरंच लागत नसेल तर ऑनलाइन तसं कळवता येतं. आणि दारावर माणूस आला तरी वॉरंट नसेल तर त्याला आत घ्यायची सक्ती नाही, घाबरू नकोस.

कोव्हेंट्रीतली_नवखी
ठरलं, लाइव्ह बंद, आयप्लेअरही काढून टाकला, तसं कळवून टाकते. मॅचसाठी एका सीनियरच्या घरी जाते, त्यांच्याकडे लायसन आहे. आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा न्यावा लागेल बहुतेक.

वडापाव_विदाउट_चटणी
सीनियरचा पत्ता टाक