'कोलॅबोरेटर'ला मराठीत काय म्हणायचं? मिंधा, फितूर की आणखी काही?

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, एका शब्दापायी तीन दिवस अडकलेय. शाळेच्या हस्तलिखितासाठी एमिल झाटोपेकवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हीत सुवर्ण, आणि मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच पळाला. इथवर सरसर झालं. पुढं १९६८ साली त्यानं कम्युनिस्ट राजवटीत सुधारणा मागणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर सही केली, त्या सुधारणा चिरडायला देशात रशियन रणगाडे आल्यावर उघड विरोध केला, मग पक्षातून काढलं, लष्करातून काढलं, घरापासून लांब खोदकामावर राबवलं, आणि काही वर्षांनी त्यानं जाहीर माघार घेतली. म्हणून काही लोक त्याला कोलॅबोरेटर, म्हणजे जुलमी सत्तेशी हातमिळवणी करणारा, म्हणतात. कोशात 'सहयोगी, सहकारी' दिलंय. आपल्याकडं सहकारी म्हटलं की कारखाना नाहीतर बँक! मी 'राजवटीचा मिंधा झाला' लिहिलं, तर वडील म्हणाले काढ तो शब्द. मिंधा म्हणजे ज्यानं घेतलंय आणि घेतल्यामुळं ज्याचं तोंड बंद झालंय. यानं काय घेतलं?

कराडकर:
वडिलांचं बरोबर आहे पण अर्धंच. मिंधेपणात नेहमी लाचारी असते असं नाही. त्याच हेलसिंकीत आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं. जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवून ते पैसे फेडले. ते उपकाराखाली होते, पण त्यांना मिंधे कोण म्हणेल? म्हणजे जे फेडता येतं ते ऋण आणि जे फेडू देत नाहीत ते मिंधेपण, असा माझा समज. तुमच्या वाक्यात 'तळी उचलली' लिहा, आमच्याकडं हेच म्हणतात.

भंडारा:
तळी उचलणे असं शिवीसारखं वापरलेलं मला कायम खुपतं. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. चंपाषष्ठीला ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा ठेवायचा, पाच जणांनी हात लावायचा आणि येळकोट म्हणत तीनदा उचलायची. एका वर्षी पाचवा माणूस कमी पडला म्हणून मला बसवलं, मी सहा वर्षांचा, माझ्या बाजूनं ताम्हण कललं आणि भंडारा आजोबांच्या धोतरावर सांडला, ते रागावले नाहीत, तोच कपाळाला लावला. तळी आपणहून उचलतात हो. मानगूट धरून वदवून घेतलेल्या माणसाला तो शब्द लावणं मला पटत नाही.

मिरजेचे मास्तर:
'फितूर' हा नेमका, पिढ्यान् पिढ्या चाललेला शब्द असताना इतकी शोधाशोध कशाला? आणि कोलॅबोरेटर देवनागरीत लिहून मोकळं व्हा असं कृपया कुणी सुचवू नका. अशानंच भाषा जाते.

वाळवेकर:
मास्तर, फितूर तरी कुठं मूळ आपला, तोही अरबी-फारसीकडूनच आला. शिवाय फितूर आतून जाऊन मिळतो, चोरून. आमच्या भागात पत्री सरकारच्या, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या सरकारच्या वेळी खबऱ्यांना फितूर म्हणायचे आणि त्यांच्या तळपायावर पत्री बसायची. आजी सांगायची तेव्हा नकळत स्वतःचे पाय पोटाशी घ्यायची. झाटोपेकनं जे केलं ते उघड्यावर, स्वतःची मान खाली घालून. त्याला फितूर म्हणू नका.

माणदेशी:
घरातलं सांगतो. एका संस्थेत नोकरीला असताना वडिलांना एका सहकाऱ्याविरुद्धच्या कागदावर सही करावी लागली, नाहीतर त्यांचीच बदली लांब होणार होती आणि आम्ही तिघं शाळेत. त्या दिवशी ते मोरीत कितीतरी वेळ हात धूत होते, साबण संपला तरी. आईनं त्यांना कधी लाचार म्हटलं नाही, मिंधे म्हटलं नाही. एवढंच म्हणायची, 'दाबलं त्यास्नी'. ताई, 'दबला' लिहून बघा.

कृष्णाकाठ:
दादा, शब्द मनाला लागला. पण मग वेरा चास्लावस्काचं काय करू? त्याच लेखात तीही आहे, जिम्नॅस्ट. तिनंही तीच सही केली, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत राष्ट्रगीत लागल्यावर तोंड फिरवलं, वर्षानुवर्षं धड काम मिळू दिलं नाही, तरी सही मागं घेतली नाही. याला 'दबला' म्हणून सोडून दिलं तर तिनं जे सोसलं त्याचं मोल कमी होतं असं वाटतं. आणि हाच झाटोपेक १९५२ ला एका सहकारी धावपटूचं नाव त्याच्या वडिलांच्या राजकारणामुळं ऑलिंपिक संघातून कापलं तेव्हा 'तो नाही तर मीही नाही' म्हणून अडून बसला होता, दोघंही गेले शेवटी. एकाच माणसाला दोन शब्द लागतात की काय.

कराडकर:
म्हणून नाम नको, क्रियापदच ठेवा. 'दबला' हे एका वेळचं झालं, 'मिंधा' म्हटलं की जन्माचा शिक्का.

मिरजेचे मास्तर:
हे मान्य. मात्र वाळवेकर, 'पत्री सरकार' हा अपभ्रंश आहे, मूळ 'प्रतिसरकार'. प्रतिचं पत्री झालं, पत्र्याशी संबंध नाही.

वाळवेकर:
ज्यांच्या गावात घडलं त्यांना विचारा की. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. पायाला पत्री मारायचे म्हणून पत्री सरकार.

भंडारा:
मास्तर, आमच्याकडं प्रतिमाला 'परतिमा' म्हणतात, 'पत्रिमा' नाही. मग एकट्या प्रतिसरकारचंच पत्री कसं झालं? गावात अजून एक म्हातारे नालबंद आहेत, उद्या बाजाराला जाताना त्यांना विचारून इथं लिहितो.