जुन्या गाडीचा एसी: क्लचमागे तेलाचा थर

प्रश्न: गाडी १९७८ ची, कंप्रेसर मूळचाच, दोन पिस्टनचा. चार महिने झाकून ठेवली होती. परवा बोनेट उघडलं तर कंप्रेसरच्या क्लचमागे (कंप्रेसर जोडणारी-सोडणारी पुढची चकती) काळपट, चिकट तेल आणि त्यावर धूळ. गार हवा नावालाच. नवीन कंप्रेसर टाकू का?

उत्तर १: थांबा, घाई नको! शाफ्टचं सील, म्हणजे कंप्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी रिंग, गळतंय. गाडी उभी राहिली की सील कोरडं पडतं. मीही एक हिवाळा एसी लावलाच नाही आणि असाच हात पोळून घेतला. आता पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवतो, थंडीतसुद्धा. सील बदला, सोबत ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा).

प्रश्नकर्ता: मेकॅनिक म्हणतो, आर-१२ (जुना एसी गॅस) काढून थेट आर-१३४ए (त्याच्या जागी आलेला गॅस) भरू.

उत्तर १: थेट नको. आर-१२ सोबतचं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, मग कंप्रेसरकडे परत येत नाही आणि पिस्टन कोरडे घासतात. जुनं तेल काढून आर-१३४ए मध्ये मिसळणारं एस्टर तेल घाला.

उत्तर २: आणि गॅस हवेत सोडू देऊ नका, मशीनने काढून घ्यायला सांगा. नवा भरण्याआधी पंपाने व्हॅक्यूम (आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं) किमान अर्धा तास. माझा मेकॅनिक पाच मिनिटांत पंप बंद करून चहाला जातो, म्हणून मी शेजारी स्टूल टाकून बसतो.