नववी-दहावीतले राडे, दाखला हातात देणं सोडून काय करता येईल?

वर्गशिक्षक_९क
नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिकवतो. या वर्षी पोरांचे राडे फार वाढलेत. कारण बघायला जावं तर कोणी खुन्नस दिली, कोणी स्टेटसला काहीतरी टाकलं, एवढंच. मग "सुट्टी झाल्यावर गेटवर ये" आणि बघायला निम्मी शाळा मोबाईल काढून उभी. संस्था म्हणते दोघांना दाखला द्या. मला पटत नाहीये. समाजशास्त्रवाले कोणी आहे का इथे?

मेघना_एमए
सर, उत्तर त्या निम्म्या शाळेतच आहे. आपण चौकशी भांडणाऱ्या दोघांची करतो, घरचं वातावरण, संगत वगैरे, पण चारचौघांसमोर माघार घेतली की पोराला वर्षभर "फट्टू" ऐकावं लागतं, म्हणून तो मागे हटतच नाही. अल्बर्ट कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये अमेरिकेतल्या कामगार घरातल्या पोरांबद्दल मांडलं होतं की शाळेच्या मोजमापात जे कायम खाली राहतात ते मिळून स्वतःचं मोजमाप बनवतात, आणि शाळा ज्याला वाईट म्हणते त्यालाच तिथे मान मिळतो. तुमच्याकडे तुकड्या मार्कांवर पाडतात का?

वर्गशिक्षक_९क
हो, मार्कांवरच. आणि राडे जास्त करून क आणि ड मधले.

पालक_सोलापूर
पण म्हणून अ तुकडी साधी समजू नका. तिथे हात उचलत नाहीत, ग्रुपमधून काढतात, आडनावावरून जात काढतात, मुलींचे फोटो फिरवतात. त्याची तक्रार ऑफिसपर्यंत येतच नाही. आणि चौकात भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो त्यात खाली नववीतल्या पोरांचे फोटो असतात, गावात मान कशाने मिळतो ते पोरं रोज बघतात, सगळं शाळेवर ढकलून कसं चालेल?

निवृत्त_मुख्याध्यापिका
पटलं, पण शाळेच्या हातात आहे तेवढं तरी करूया. दाखला दिलेला पोरगा कुठे जात नाही हो, तो गेटबाहेरच उभा राहतो, आणि आता सोबत मोठी पोरं असतात. सुट्टीनंतर गेटवर आणि सायकल स्टँडला दोन शिक्षक रोज उभे करा. भांडण मिटवताना दोघांना वेगवेगळं बोलवा, वर्गासमोर माफी मागायला लावलीत तर बाहेर परत पेटणार. बघणाऱ्या पोरांशी वेगळं बोला, फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळेतली दादागिरी थांबवायला किवा नावाचा कार्यक्रम काढला तो मुख्यतः या बघ्यांवरच आहे. आणि छडी बंद म्हणजे बंद. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १७ ने आठवीपर्यंत कायद्यानेच मनाई आहे, नववीत काही पोर बदलत नाही. सर मारतात तेव्हा ज्याच्यात ताकद त्याचं खरं हेच ते शिकतं.

मेघना_एमए
+१. आणि तुकड्या जूनपासून मिसळा, हे संस्थेला लेखी द्या.

वर्गशिक्षक_९क
शनिवारी मीटिंग आहे, तुकड्यांचा विषय आधी घेतो. गेटवर पहिला आठवडा मी उभा राहतो, पीटीचे सर तयार आहेत.