मदत हवी आहे: वशट वास न येणारं माशाचं कालवण

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला असतो. घरात सासूबाई आणि लेक, दोघींना माशाचा वशट वास अजिबात सहन होत नाही. सुरमईच्या तुकडीतला काळपट भाग काढून, हळद-मीठ-लिंबू चोळून पंधरा मिनिटांनी धुते. आंबटाने वास बराच मरतो. मग आलं-लसूण, तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केली की दोघी आवडीने खातात. कालवणात मात्र वास जाणवतोच! कोकम घालू की चिंच? नारळाच्या रसात तिरफळ किती? पारशी पात्रानी मच्छीसारखं हिरवं वाटण लावून केळीच्या पानात वाफवलं तर? इथे रोहू-कटला सहज मिळतात, पण त्यांचा चिखलट वास कसा घालवायचा? ताकात भिजवून पाहिलंय का कुणी? कृपया प्रमाणासह सांगा.